ब्लॅककरंट, गूजबेरी आणि मिसळणाचा डबा

मध्यंतरी ऑफिसातल्या आम्हा पंधरा जणांना एका हॉटेलात वाइन टेस्टिंगला नेलं होतं. प्रोजेक्ट वेळेत डिलिव्हर केल्याचं बक्षीस. (वेळेत म्हणजे तिसऱ्यांदा ठरवलेल्या वेळेत, पण ते असो.) लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाच ग्लास, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोंडी परीक्षेला बसल्याचे भाव. शिकवायला आलेला माणूस उत्साही होता. ग्लास कसा धरायचा, कसा फिरवायचा, त्यात नाक कसं खुपसायचं, सगळं त्यानं नीट दाखवलं. मग म्हणाला, "बोला, कसला वास येतोय?"

शांतता.

एका मुलीनं धाडस करून "फ्रूटी?" असं विचारून पाहिलं. "छान! कुठलं फ्रूट?" पुन्हा शांतता. शेवटी त्यानंच सांगितलं: गूजबेरी, पॅशनफ्रूट, ताजं कापलेलं गवत. पंधराच्या पंधरा माना डोलल्या. माझीही डोलली. गूजबेरी मी जन्मात पाहिलेली नाही.

चौथी बाटली परदेशी होती. फ्रेंच, लाल, बुचाची. आमच्या टीममधला टेस्टर, त्याला आपण भाऊ म्हणू, ग्लास नाकाशी नेऊन म्हणाला, "ह्याला कुबट वास येतोय." शिकवणाऱ्याला मराठी येत नव्हतं. भाऊनं मग इंग्रजीत समजावायचा प्रयत्न केला: बंद खोली, पावसाळा, ओलं गोणपाट. तो माणूस गोड हसला. म्हणाला, ह्याला 'अर्दी' म्हणतात, जुन्या युरोपियन वाइन अशाच असतात, सवय झाली की आवडेल. भाऊ गप्प बसला. मी वहीत 'अर्दी' लिहिलं.

आता खरं सांगतो. मलाही तोच वास आला होता. आणि माझ्याही डोक्यात पहिला शब्द 'कुबट' हाच आला होता. मी तो गिळला, कारण 'कुबट' हा काय वाइनला लावायचा शब्द आहे का!

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तीच वाइन दुसऱ्या बाटलीतून ओतली होती. उठताना मी तिथल्या एका उरलेल्या ग्लासात नाक घातलं. कुबटपणाचा मागमूसही नव्हता. जांभळासारखा काहीतरी रसरशीत वास होता. म्हणजे आमच्या बाजूची बाटली चक्क खराब होती. घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा कळलं की हा वाइनमधला अगदी प्रसिद्ध दोष आहे. बुचात बुरशी आणि क्लोरीनची संयुगं ह्यांची गाठ पडली की ट्रायक्लोरोॲनिसोल, थोडक्यात टीसीए, नावाचा पदार्थ तयार होतो. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. म्हणजे किती? ऑलिंपिकच्या पोहण्याच्या तलावात साधारण २५ लाख लिटर पाणी मावतं. त्यात १० मिलिग्रॅम टीसीए टाकलं तर लिटरमागे ४ नॅनोग्रॅम होतं. तेवढं पुरतं. प्रकृतीला त्याचा अपाय नाही, पण वाइनमधला फळांचा वास मरतो. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की टीसीए वास घेणाऱ्या पेशींचा संदेशच दाबून टाकतं, म्हणजे नुसता घाण वास देऊन ते थांबत नाही, बाकीचे वासही झाकतं. आणि इंग्रजी पुस्तकांत ह्या वासाचं वर्णन काय? ओला पुठ्ठा, दमट तळघर, कोंदट कपाट. एका शब्दात सांगायचं तर... हो, तोच.

भाऊचं कामच बग शोधणं. त्यानं बग शोधला, नेमक्या शब्दांत रिपोर्ट केला, आणि 'वर्क्स ॲज डिझाइन्ड' म्हणून तो बंद करण्यात आला. आणि मी त्याला मान डोलावून दुजोरा दिला. त्या दिवसापासून हे मनात घोळतंय, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं एवढंच आहे की वाइनचा वास सांगायला आपण उसने शब्द वापरतो तेव्हा नुसती भाषा उसनी घेत नाही, नाकही गहाण टाकतो. हा मराठी अस्मितेचा वगैरे मुद्दा नाही हं. (त्या वाटेनं गेलं की लगेच कुणीतरी 'काष्ठगंधी' आणि 'अम्लोत्तर' असे शब्द पाडून परिभाषा कोश काढेल आणि मग तो कोश समजायला दुसरा कोश लागेल.) मुद्दा साधा इंजिनिअरिंगचा आहे. मोजायचं माप तुमच्याकडे नसेल तर मोजमाप होत नाही.

गूजबेरीचंच घ्या. न्यूझीलंडच्या सोविन्यों ब्लांचं वर्णन करताना हा शब्द हमखास येतो, आणि तिथून तो नाशिकच्या सोविन्यों ब्लांच्या बाटलीमागे येऊन चिकटतो. नाशिकजवळ सुलानं १९९७ मध्ये पहिल्या वेली लावल्या त्या सोविन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां ह्याच, त्यामुळे वीकेंडला नाशिकला जाणाऱ्या आपल्यातल्या बहुतेकांची पहिली 'गंभीर' वाइन हीच असते. आता कोश उघडा. गूजबेरी म्हणजे? आवळा! आवळ्याला इंग्रजीत 'इंडियन गूजबेरी' म्हणतात, तेव्हा कोशकारानं उलट उडी मारलेली असते. पण वाइनवाल्यांची गूजबेरी म्हणजे युरोपातलं एक काटेरी झुडूप, त्याची हिरवट, पारदर्शक सालीची, आंबटगोड फळं. त्यांचा आवळ्याशी काही म्हणजे काही संबंध नाही. माझा एक मित्र बिचारा अख्खी संध्याकाळ त्या ग्लासात आवळा शोधत बसला होता. सापडला नाही तेव्हा त्याला वाटलं, आपलं नाकच सुमार.

ब्लॅककरंटची तीच गत. आपल्यासाठी ब्लॅककरंट म्हणजे आइस्क्रीमचा जांभळा रंग. गंमत म्हणजे अमेरिकेतही कित्येकांनी हे फळ ताजं खाल्लेलं नसतं. ह्या झुडपामुळे पाइनच्या झाडांवरचा एक रोग पसरतो म्हणून तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या लागवडीवर केंद्रीय बंदी आली आणि ती १९६६ मध्ये उठली. तरी कॅबर्ने सोविन्योंच्या वर्णनात ब्लॅककरंट लिहिल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. न पाहिलेल्या फळाचा वास न पाहिलेल्या माणसानं सांगायचा आणि आपण ओळखायचा!

मग हे सगळं वर्णन म्हणजे थापा आहेत का? असं म्हणणारेही खूप आहेत, आणि त्यांच्या हातात भरपूर दारूगोळा आहे. सगळ्यात गाजलेला प्रयोग फ्रान्समधल्या बोर्दोचा. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना आधी एक पांढरी आणि एक लाल वाइन देऊन दोन्हींच्या वासाची वर्णनं करायला लावली. नंतरच्या खेपेला तीच पांढरी वाइन दोन ग्लासांत दिली, पण एका ग्लासात वास नसलेला लाल रंग मिसळून. रंगवलेल्या पांढऱ्या वाइनला विद्यार्थ्यांनी लाल वाइनचे शब्द लावले. हे संशोधन २००१ मध्ये प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून दर पार्टीत कुणीतरी ते ऐकवून 'सगळं नाटक आहे' असा निकाल देतं.

मला तो निकाल पटत नाही. त्या प्रयोगातून एवढंच दिसतं की डोळ्यांनी पाहिलं की पाठ केलेले शब्द आपोआप बाहेर येतात. लाल दिसलं की लाल वाइनची यादी सुरू. नाकाला विचारतंय कोण! आमच्या टेबलावर वेगळं काय झालं होतं?

आणि वाइनमध्ये 'दुसऱ्याच कशाचे' वास खरोखरच असतात, ही कविकल्पना नाही. द्राक्षात मिरी नसते, पण शिराझमधल्या मिरीच्या वासाचं कारण असलेलं रोटंडोन नावाचं संयुग ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये पक्कं ओळखलं, आणि काळ्या मिरीतही तेच सापडलं. सोविन्यों ब्लां आणि कॅबर्नेत जो हिरवट वास येतो तो पायराझिन गटातल्या ज्या रेणूमुळे, तोच ढोबळी मिरचीत असतो. धन्यात जे लिनालूल असतं ते मस्कटच्या द्राक्षांत असतं. ओकच्या पिंपातून लवंगेतलं युजेनॉल आणि व्हॅनिलातलं व्हॅनिलिन उतरतं. एकच लायब्ररी दोन वेगळ्या प्रोग्रॅममध्ये वापरावी तसा प्रकार. निसर्गालाही कोड परत वापरायची सवय आहे, फक्त तो डॉक्युमेंटेशन ठेवत नाही.

ह्यातला माझा सगळ्यात आवडता रेणू म्हणजे सोटोलोन. फ्रान्सच्या जुरा भागात 'व्हॅं जोन' नावाची पिवळी वाइन करतात. पिंपात किमान सहा वर्षं तीन महिने ठेवतात, आणि मधे पिंप भरून काढत नाहीत, त्यामुळे वर यीस्टची साय धरते. तिच्या खास वासात मोठा वाटा सोटोलोनचा. इंग्रजी समीक्षक लिहितात, 'करी पावडर'चा वास. आता करी पावडर हा काय वास झाला? त्या पावडरीतल्या ज्या एका जिनसामुळे त्यांना तसं वाटतं ती मेथी! मेथ्यांचा वास म्हणजेच सोटोलोन. म्हणजे इथे आपल्याकडे त्यांच्यापेक्षा नेमका शब्द आहे, आणि तो मिसळणाच्या डब्यात पडून आहे.

ॲन नोबल ह्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधल्या संशोधिका. १९८० च्या दशकात त्यांनी वाइनच्या वासांचं चक्र तयार केलं. मधोमध ढोबळ गट, बाहेर येत जाल तसे नेमके शब्द. ते चक्र आता टी-शर्टावर आणि पोस्टरवर दिसतं, आणि लोक ते धर्मग्रंथासारखं पाठ करतात. पण मूळ कल्पना पाठांतराच्या बरोबर उलट होती. शब्द असा हवा की ज्याचा खरा वास समोर ठेवता येईल. 'सुरेख', 'भारदस्त', 'संतुलित' असले शब्द चक्रातून बाहेर, कारण भारदस्तपणा वाटीत काढून दाखवता येत नाही. उलट साध्या वाइनमध्ये ढोबळी मिरचीचा तुकडा, लवंग, लोणी असं काहीबाही टाकून नमुने करा, ते हुंगा, मग खरी वाइन हुंगा, आणि दोन्ही जुळवा. म्हणजे चक्रातला 'ब्लॅककरंट' हा कायदा नाही, कॅलिफोर्नियात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून केलेली एक निवड आहे. आपण आपल्या वस्तू घालायच्या. इतकं सोपं आहे, आणि तरी आपण टी-शर्ट विकत घेतो.

खरं तर युरोपियन लोकही हेच करत आलेत. गेव्युर्त्सट्रामिनर ह्या द्राक्षाच्या वाइनला तेच 'लिची'सारखी म्हणतात. लिची कुठे फ्रान्सच्या आल्सासमध्ये पिकते? ती चीनची. पण लिचीत आणि त्या द्राक्षात रोझ ऑक्साइड नावाचं एकच संयुग असतं, शब्द नेमका बसला म्हणून त्यांनी घेतला. मग पेरूनं, फणसानं, जांभळानं काय घोडं मारलंय?

तर मी एका शनिवारी हा उद्योग घरी केला. एक स्वस्तातली पांढरी वाइन सहा ग्लासांत थोडी थोडी ओतली. एकात ठेचलेले धने, एकात दोन लवंगा, एकात ढोबळी मिरचीची फोड, एकात मेथ्या, एकात पिकल्या पेरूचा तुकडा, एक नुसता. वर बशा झाकून अर्धा तास. आई आत आली आणि म्हणाली, "हे काय मांडलंयस? सत्यनारायण?" तिनं आयुष्यात थेंब घेतलेला नाही, पण हुंगायला तिची ना नव्हती. (हुंगण्यावर उपास मोडत नाही, हे तिचं मत.) नमुने तिनं बघताबघता ओळखले. मग मी नाशिकची सोविन्यों ब्लां पुढे केली. ती म्हणाली, "पेरू. कच्चट पेरू. आणि मागे ढोबळी मिरची चिरल्यासारखं काहीतरी." शिकवायला आलेल्या त्या माणसाच्या यादीपेक्षा हे मला कितीतरी जास्त कळलं, कारण मी परत हुंगलं आणि मला ते सापडलं. नंतर लाल दिली. तिनं नाक मुरडलं. "हिला दारूचाच वास आहे, आणखी कसला असायचा?" मान्य.

फ्रान्समध्ये जॉं लनुआर ह्यांनी १९८१ मध्ये काढलेला एक प्रसिद्ध संच आहे, छोट्या कुप्यांमध्ये ५४ वास. चांगलाच महाग असतो. त्यातले निदान डझनभर वास आपल्या मिसळणाच्या डब्यात आणि खड्या मसाल्याच्या बरणीत निघतील, आणि संपले तर वाण्याकडे मिळतील.

आता एक आक्षेप मला दिसतोय. प्रत्येकानं आपापले शब्द वापरले तर एकमेकांना कळणार कसं? 'आजीच्या ट्रंकेचा वास' म्हटलं तर मला माझी आजी आठवेल, तुम्हाला तुमची. रास्त आहे. पण मी खासगी आठवणींबद्दल बोलतच नाहीये. धने, मेथी, कच्चं केळं, रॉकेल ह्या तुमच्यामाझ्यात समाईक वस्तू आहेत. (जुन्या रीझलिंगमध्ये खरोखरच रॉकेलसारखा वास येतो आणि काही रसिक त्याचं कौतुक करतात. ज्यांच्या घरी स्टोव्ह नव्हता त्यांनी आईवडिलांना विचारावं.) गूजबेरी मात्र समाईक नाही. ती दोघांच्याही मशीनवर इन्स्टॉल केलेली नाही.

शिवाय आपल्याकडे नुसत्या वस्तूच नाहीत, वासाचे स्वतःचे शब्द आहेत. इंग्रजीत वासाला बहुतेक वेळा 'अमक्यासारखा' म्हणावं लागतं. मराठीत खमंग आहे, खवट आहे, करपट आहे, आंबूस आहे, उग्र आहे, दर्प आहे आणि आपला कुबट आहे. कुबट कशासारखा? कशासारखा नाही, कुबटच! मलेशियाच्या जंगलात राहणाऱ्या जहाई लोकांच्या भाषेत असे डझनभर स्वतंत्र वासवाचक शब्द आहेत. आसिफा माजिद आणि निक्लास बुरेनहुल्ट ह्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की जहाई लोक वासांची नावं रंगांइतक्याच सहज सांगतात, आणि इंग्रजी बोलणारे तेच काम करताना चाचपडतात. नाकं सारखीच, शब्द वेगळे. मराठी जहाईइतकी श्रीमंत नसेल, पण इंग्रजीचा वर्ग लावायची गरज पडावी इतकी गरीबही नाही.

चवीत तर आपण सरळ पुढे आहोत. लाल वाइनमधलं टॅनिन समजावताना तो माणूस पाच मिनिटं खर्ची घालत होता: तोंड कोरडं होतं, गाल आत ओढल्यासारखे होतात वगैरे. मराठी पोराला तिसरीत माहीत असतं, ह्याला तुरट म्हणतात. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं म्हणून जीभ खरखरते, हे शास्त्र झालं. अनुभव म्हणजे कच्चं जांभूळ, सुपारी, हिरडा. षड्रसांत तुरट आहे, पाश्चात्त्यांच्या मूळ चवींच्या यादीत नाही. पण टेबलावर एकाच्याही तोंडून 'तुरट' निघालं नाही. सगळे 'ड्राय' म्हणत होते, आणि 'ड्राय' म्हणजे वाइनच्या भाषेत गोड नसलेली. म्हणजे उसना शब्द घेतला तोही चुकीचा.

आणखी एक. माणसाला एकत्र मिसळलेल्या वासांतले तीन-चारच्या वर वेगळे ओळखता येत नाहीत, तज्ज्ञांनाही नाही, हे प्रयोगांतून बऱ्याचदा दिसलंय. तेव्हा बाटलीमागे नऊ फळं, दोन फुलं आणि सिगारचा डबा लिहिलेला दिसला की खुशाल हसावं. दोन वास ओळखले तर पुष्कळ झाले.

परवा भाऊला घरी बोलावलं. त्या दिवशीच्या माझ्या 'अर्दी'बद्दल त्याची माफी मागायची होती, ती मागितली. तो म्हणाला, "अरे, पण तुला कुबट आला होता ना? मग तेव्हा का नाही बोललास?" ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, मी शिराझ उघडली. मिरी कुटून बशीत ठेवली होती. मला ग्लासात मिरी स्वच्छ आली. भाऊ तीनदा हुंगून म्हणाला, "जांभूळ आहे. थोडी लवंग आहे. मिरी नाहीये." मी त्याला ऐकवलं की साधारण पाचातल्या एका माणसाला रोटंडोनचा वास येतच नाही, त्यातला तू.

"किंवा," भाऊ म्हणाला, "तू बशीतली मिरी हुंगतोयस."

बशी दुसऱ्या खोलीत ठेवून आलो आहे. निकाल अजून लागायचाय.